ओट्याची उंची

३ फेब्रुवारी

लेक फोनवर म्हणाली, बाबा, रोज लिहून ठेवत जा. आईनं गोळ्या कधी घेतल्या, व्यायाम किती केला, झोप कशी लागली. डॉक्टरांना दाखवायला बरं पडतं. म्हणून ही वही. दुकानातली मापांची जुनी वही आहे. पुढच्या पानांवर लोकांच्या छात्या आणि कंबरा आहेत, मागची पानं कोरी होती.

गोळ्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन. व्यायाम: उजवा पाय दहा वेळा, डावा चार वेळा, पाचव्याला नको म्हणाली. झोप बरी. हिची.

स्वयंपाकघर नव्यानं करून घ्यायचं आज पक्कं केलं. चाकांच्या खुर्चीत बसून हिला सगळं करता येईल असं. सांगितलं तेव्हा ही खिडकीशी बसली होती. "करा," म्हणाली. मग विचारलं, शाळेतल्या बाईंच्या कोटाला अस्तर कुठलं लावलंत? करडं, म्हटलं. तर म्हणे, करड्यानं तो कोट मेल्यासारखा दिसेल.

मी स्वयंपाकघराचं बोलत होतो.

६ फेब्रुवारी

मापं घेतली. शिंप्याची टेप पाच फुटांची. माणसाला पुरते, खोलीला पुरत नाही. तुकड्यातुकड्यानं मोजलं. रुंदी सात फूट, लांबी साडेनऊ. एका आखूड भिंतीत दार, समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. सांडपाणी जायची वाट डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली. दार सव्वीस इंच, खुर्ची पंचवीस. एक इंच उरतो खरा, पण मग हातांची बोटं कुठं ठेवायची?

जुना ओटा एकतीस इंच. हिच्या उंचीनं केलेला, आणि ही बुटकी. मी सहा फूट दोन. आठ महिने त्या ओट्यावर वाकून बटाटे चिरतोय. दिवसभर दुकानात मशीनवर वाकायचं, घरी आलं की ओट्यावर. पाठीचा कोट टांगायचा आकडा झालाय.

ही पडली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. मणक्याला मार बसला. डॉक्टर आधी म्हणायचे, "चालायला लागतील तेव्हा." पुढं म्हणायला लागले, "चालायला लागल्या तर." गेल्या खेपेला नुसतं "बघू." मी म्हणतो, पायांचं बघू, पण हात तर धडधाकट आहेत. आपल्या स्वयंपाकघरात आपल्या हातानं चार गोष्टी करायला लागली की उभारी येईल. व्यायाम करून घ्यायला बाई येतात, त्याही परवा बाहेर पडताना मला म्हणाल्या, यांना काहीतरी काम द्या हो, नुसत्या बसून राहतात. तेव्हाच माझ्या डोक्यात हे आलं.

पडल्यापासून ही स्वयंपाकघरात एकदाही गेलेली नाही. खुर्चीच जात नाही, तर जाणार कशी.

१० फेब्रुवारी

लेकीनं फोनवर चित्रं पाठवली. एकात खोलीच्या मधोमध बेटासारखा ओटा आणि भोवती हसणारी माणसं. आमच्याकडे मधोमध ओटा ठेवला तर माणसांना भिंतीवर चढून बसावं लागेल.

दुपारी दुकान बंद ठेवून वर्तमानपत्रं डकवली आणि खऱ्या मापाचे ओटे कापले. कागद कापण्यात मला कोण हरवणार. कापड कमी असलं की आधी सगळ्यात मोठा तुकडा बसवायचा, पाठीचा. बाह्या मग कुठूनही निघतात. इथं मोठा तुकडा म्हणजे खुर्ची वळायची जागा. पाच फुटांचं वर्तुळ. ते जमिनीवर अंथरलं आणि मग बाकीचं.

समोरासमोरच्या भिंतींना दोन ओटे ठेवले तर मध्ये तीन फूट राहतात. खुर्ची सरळ आत जाईल आणि तशीच उलटी बाहेर काढावी लागेल. बाद. तीन भिंतींना ओटा फिरवला तर सामानाला जागाच जागा, पण हिला आत बसवलं की खणात ठेवल्यासारखी. तोही बाद. एकाच भिंतीला लांबलचक ओटा: वर्तुळ बसतं, पण सिंक एका टोकाला, शेगडी दुसऱ्या टोकाला, आणि पाण्यानं भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन हिनं इकडून तिकडं जायचं. नकोच ते. राहिला काटकोनातला. डावी लांब भिंत आणि खिडकीची भिंत. कोपऱ्याच्या एका अंगाला सिंक, दुसऱ्या अंगाला शेगडी, दोन्ही हातांच्या टप्प्यात. ओटा चोवीसऐवजी बावीस इंच खोल धरला तर वर्तुळ बसतं आणि दोन इंच उरतात.

फार दिवसांनी काहीतरी बेतात बसल्याचं समाधान झालं. हिला म्हटलं, चल, दारातून दाखवतो. म्हणाली, "इथूनच सांगा."

सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कागद मात्र सरळ कापले असणार तुम्ही.

१३ फेब्रुवारी

सुतार आला. माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. जमिनीवरच्या कागदांवर पाय न देता फिरला. कारागीर माणूस असा कळतो.

ओट्याची उंची अठ्ठावीस इंच सांगितली. खालून मोकळा, म्हणजे हिचे गुडघे आत जातील. त्यानं लिहून घेतलं. मग मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आणि याच्यासमोर उभं कोण राहणार?"

तोवर मी, म्हटलं.

"तोवर म्हणजे कुठवर?"

तोवर म्हणजे तोवर. त्याला फाटे फोडू नको, म्हटलं. निघताना उजव्या भिंतीवरची चार भोकं त्याच्या नजरेला पडली. विचारलं, इथं काय होतं? फळी. परत लावायची? नाही.

गोळ्या वेळेवर. व्यायाम झाला. डावा पाय सहा वेळा.

१४ फेब्रुवारी

पाठ. काही लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी

खुर्चीत बसल्यावर हिचा कोपर जमिनीपासून किती उंच येतो ते मोजलं. सुताराला सांगितलेले अठ्ठावीस इंच त्यावर ताडून बघायचे होते.

माप देताना माणूस खोटं वागतो. पोट आत घेतो, मान ताठ करतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला भलतंच काहीतरी विचारतो, ते विसरून बोलायला लागलं की टेप लावतो. ही उलटी. आज इतकी सैल बसली होती की कोपर खुर्चीच्या दांडीखाली. पंचवीस इंच. मग सवयीनं विचारलं, शाळेतल्या बाईंना कॉलर गोल पाहिजे, काय करू? एकदम ताठ बसली. गोल कॉलर त्या खांद्यांना चालणार नाही, टोकाचीच ठेवा, आणि काज कुणाकडून करून घेताय, असं भराभर बोलत राहिली. कोपर साडेसव्वीसवर गेला.

कुठलं माप खरं धरायचं ते कळेना. मधलं धरलं. अठ्ठावीस चालतील.

काज मशीनवाल्याकडे टाकतो ते सांगितलं. हिनं तोंड फिरवलं. आधी काज-बटणं, तुरपाई सगळं हीच करायची. घरचं आटोपलं की दुकानात येऊन दोन तास बसायची. आता मशीनवाला मळक्या हातानं करतो, पण काम निघतं.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते डॉक्टरांना दाखवायच्या वहीत लिहू नये. पण दुसरी वही नाही.

दुपारी हिला पलंगावर झोपवलं. विचार केला, खुर्ची मोकळी आहे तर बसून बघावं, कागदावरचं खरं किती. दार अरुंद म्हणून खुर्ची घडी करून आत नेली, उघडली, बसलो. वर्तुळावर फिरून पाहिलं. बरोबर वळते. हात पुढं करून सिंकच्या कागदावर टेकवला. पोचतो. शेगडीच्या कागदावर. पोचतो. माझे हात लांब, तेही ध्यानात घेतलं. वर भिंतीवर ती चार भोकं. खुर्चीतून ती फारच उंच दिसतात.

तिथंच झोप लागली. बसल्याबसल्या, मान छातीवर.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. आतून बारीक आवाज येत होता. ही हाका मारत होती, पण ओरडून नव्हे, मधूनमधून, एखादं काम करावं तशी. किती वेळ ते तिनं सांगितलं नाही. तिला बाथरूमला जायचं होतं. तिची खुर्ची माझ्या बुडाखाली. चादर, गादी, सगळं भिजलं होतं.

सगळं बदललं, तिला पुसलं, कोरडे कपडे घातले. खुर्चीत बसवताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "खुर्ची आरामाची आहे ना?"

चिडून नाही. खरंच विचारल्यासारखी.

२३ फेब्रुवारी

गादी वाळत टाकली. वाळली नाही.

२ मार्च

जुना ओटा फोडला. सुताराबरोबर एक गवंडी होता. तीस वर्षांचा ओटा पाऊण तासात खाली आला. मी राडारोडा भरून बाहेर टाकत होतो. ही बाहेरच्या खोलीत होती. मला वाटलं, हिला वाईट वाटत असेल. तीस वर्षं उभी राहिली तिथं. जवळ जाऊन बसलो तर ही खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. धूळ येतेय का, विचारलं. नाही म्हणाली, येऊ द्या.

आता स्वयंपाक घरातल्या बोळातल्या टेबलावर. एक शेगडी, एक पातेलं. अंडी आणि भात. काल भात आणि अंडी.

६ मार्च

दार चौतीस इंचांचं झालं. उंबरठा काढून टाकला. आता खुर्ची हातांच्या बोटांसकट आत जाते. हिला म्हटलं, चल, फेरी मारून आणतो.

"आज नको."

धूळ होती, मान्य. पण तिकडं तोंडसुद्धा केलं नाही. दुपारी मी कोटाची एक बाही शिवायला घरी आणली होती, तीच मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी आलो तर खालची तुरपाई करून ठेवलेली. मी मशीनवर मारली होती ती उसवून.

हिला स्वयंपाकघराबद्दल काडीची आस्था नाही असं आज पहिल्यांदा वाटलं. मी कुणासाठी मरतोय? असं लिहायला नको, पण वाटलं.

१५ मार्च

लेक दोन दिवस येऊन गेली. एकटीच आली, जावयांनी घर सांभाळलं. आल्या दिवशी तिनं रांधलं, घर आवरलं, आईचे केस धुतले. बोळात मी वाकून कांदा चिरत होतो तर मागं येऊन उभी राहिली.

मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन सुतारानं भिंतीवर मारलेली अठ्ठावीस इंचांची रेघ पाहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही इथं उभं राहून बघा. राहिलो. रेघ माझ्या मांडीशी येते. तिनं विचारलं, आईला विचारलंत का तुम्ही?

"रोज विचारतो. सिंक डावीकडे पाहिजे की उजवीकडे."

मग म्हणाली, ते नव्हे. तेवढ्यात आईनं हाक मारली, ती गेली. दोघींचं आत बराच वेळ चाललं होतं. मी गेलो की थांबायचं. मायलेकींचं असंच असतं.

जाताना लेक माझ्या गळ्यात पडून रडली. पोरगी काही पहिल्यांदा परगावी चालली नव्हती. का रडली, कोण जाणे.

गोळ्या व्यवस्थित. डावा पाय आठ वेळा. लेकीसमोर.

१६ मार्च

उद्या सुतार ओट्याचे पाय उभे करणार. एकदा ते उभे राहिले की मग बदल नाही. संध्याकाळी हिच्या पायांना तेल लावताना म्हटलं, शेवटचं विचारतो, सिंक डावीकडे की उजवीकडे?

हिनं माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाली, "ओटा तुमच्या उंचीचा करा."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ती परत तेच म्हणाली.

आता इथं लिहितोच. उजव्या भिंतीवरची ती फळी मी लावली होती. माझ्या उंचीनं. मला सहज हात पोचायचा, म्हणून तिथं भोकं पाडली. तिचा हात पोचेल का, हे मनातसुद्धा आलं नाही. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि घरातल्या माणसाचं घेतलं नाही. डबा काढायला ती स्टुलावर चढली आणि पडली. ती दवाखान्यात होती त्या रात्री मी घरी येऊन फळी उपटून काढली आणि तिचे तुकडे केले. त्यानंतर ठरवलं, यापुढं या घरात जे होईल ते हिच्या मापानं.

हे सगळं मी तिला बोललो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, माझ्या उंचीनं एकदा केलं होतं, पुरे झालं.

ती म्हणाली, "फळीनं नाही पाडलं मला. मला घाई होती. दुकानात यायची."

मी तेल तसंच हातावर घेऊन बसलो.

म्हणाली, "सकाळी उठल्यापासून एकच हिशेब असायचा डोक्यात. हे कधी उरकेल आणि मी कधी निघेन. रोजचा. स्वयंपाक काय, करायचा म्हणून केला. वाईट नव्हते करत. पण तिथून सुटायचंच बघायची मी. आता सुटले, तर तुम्ही परत तिथंच नेऊन बसवताय. चाकं लावून."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं.

"तुम्ही विचारलं का नाही?"

मला राग आला. खरं लिहितो. तीस वर्षं मी हिच्या हातचं खाल्लं, चार माणसांत वाखाणलं, आणि ही म्हणे सुटायचं बघत होती. नऊ महिने मी वाकून वाकून मेलो ते कुणासाठी? मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चालली होती. पंधरा-वीस मिनिटं उभा होतो. मग आठवलं, हिचा एकच पाय झालाय तेल लावून. आत आलो. दुसरा लावला.

ती म्हणाली, मला स्वयंपाकघरात यायची भीतीही वाटते. ते एवढंच आणि हळू बोलली.

१७ मार्च

सुताराला म्हटलं, छत्तीस इंच कर.

त्यानं जुनी रेघ ओल्या बोटानं पुसली, नवी मारली आणि म्हणाला, बरं झालं. मी म्हटलं, तुला आधीपासून वाटत होतं तर बोलला का नाहीस? म्हणाला, "मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, फाटे फोडू नको."

मग म्हणाला, आता वर्तुळाची गरज नाही तर दोन्ही भिंतींना ओटे करू. जागा दुप्पट होईल, एका माणसाला वळून वळून काम सोपं. बरोबर बोलत होता. मी हिला विचारलं. या वेळी नीट, समोर बसून विचारलं. म्हणाली, ज्याला आत काम करायचंय त्यानं ठरवावं.

काटकोनातलाच ठेवला. वर्तुळ राहू दिलं. हिला यायचं झालं तर वळता यावं. यायलाच पाहिजे असं नाही.

सुतार म्हणाला, ओट्याचा दगड बावीस इंचांचाच? बावीसचाच.

२१ मार्च

दगड बसला. सिंक बसलं. डावीकडे. माझं मीच ठरवलं, मी उजव्या हाताचा. इतकं सोपं होतं.

हिच्याशी गरजेपुरतं बोलतोय. अबोला नव्हे. काय बोलायचं ते सुचत नाही. तीस वर्षांचं एकेक जेवण आठवतं आणि वाटतं, हेही उरकलेलंच का? काल न राहवून विचारलं, मी आजारी असताना तू ते पातळ सूप करायचीस, तेही का? ही हसली. म्हणाली, ते मनापासून. बाकीचं विचारू नका.

२७ मार्च

दुकानाला दोन पायऱ्या आहेत. दोन्ही मिळून चौदा इंच. आजवर मोजायची वेळ आली नव्हती. सुतार म्हणाला, रीतीनं उतार करायचा तर चौदा फूट लांब पाहिजे. एवढा केला तर रस्त्याच्या मध्यावर जाईल, गाड्या वरून जातील. मधला मार्ग म्हणून पाच फुटांचा केला, उचलून आत ठेवता येईल असा. फार उभा झालाय. ढकलायला दोन माणसं लागतात.

व्यायामाच्या बाईंना सांगितलं, हिला दुकानात नेतोय. त्या म्हणाल्या, मी दोन महिन्यांपूर्वी तेच तर म्हणाले होते तुम्हाला. मी हो म्हटलं. त्या तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही.

३० मार्च

ही आज दुकानात आली. मागून मी, बाजूनं सुतार. अर्ध्या उतारावर दम गेला, चाकं मागं यायला लागली. ही घाबरली असेल म्हणून बघितलं तर ओठ घट्ट मिटून दोन्ही हातांनी चाकं धरून जोर लावत होती.

आत आल्यावर आधी तिनं सगळीकडं नजर फिरवली. कैची भलत्या जागी का, गुंड्यांचे डबे कुणी कालवले, एवढा कचरा का. मग तयार कोट मागितले. तिन्ही कोटांची काजं बोटानं चाचपली आणि काही न बोलता उसवायला घेतली. शाळेतल्या बाईंचा होताच त्यात. आज न्यायला येणार होत्या. आल्या, तर हिनं त्यांना सरळ सांगितलं, कोट चार दिवसांनी मिळेल, अस्तर बदलायचंय. बाई हो म्हणाल्या. मी म्हणालो असतो तर भांडल्या असत्या.

दोन तासांत पाठ भरून आली तिची. घरी आणलं, आडवी केली. तोंड पांढरं पडलं होतं. म्हटलं, उद्या राहू दे. म्हणाली, उद्या किती वाजता निघायचं?

गोळ्या द्यायला विसरलो. तिनं आठवण केली.

५ एप्रिल

स्वयंपाकघर पूर्ण झालं. सुतारानं शेवटचा खण सरकवून दाखवला, पेन्सिल कानावर ठेवली आणि गेला.

नव्या ओट्यावर आज पहिला स्वयंपाक. उभा राहिलो तर सवयीनं वाकलो. मग ध्यानात आलं, वाकायची गरज नाही. सरळ उभं राहून चिरायला विचित्र वाटतं. हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे लांब राहतात. चिरून झाल्यावर पाठीला हात लावून पाहिला. दुखत होती, पण जुनंच दुखणं होतं. आजचं नवं काही नव्हतं.

ही दारापर्यंत आली. चाकं दाराच्या रेषेवर थांबवली. ओटा पाहिला, खिडकी पाहिली, उजव्या भिंतीकडं पाहिलं. तिथं रंग दिलाय, भोकं बुजवलीत. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, चांगलं झालंय. आणि खुर्ची वळवून बाहेर गेली.

आत ये, असं मी म्हटलं नाही.

१२ एप्रिल

रोजचं आता असं ठरलंय. नऊ वाजता दोघं दुकानात. उतारावर ढकलायला शेजारचा इस्त्रीवाला येतो. बाराला मी घरी स्वयंपाकाला. एकला परत जाऊन हिला आणायचं, जेवायचं.

आज भात, वाटाणे आणि बटाटे केले. बटाटे लागले नाहीत, कच्चे राहिले नाहीत, मीठ बरोबर. कुणाला तरी ताबडतोब खायला घालावेत असे झाले होते. झाकून ठेवले आणि एकला पाच कमी असताना दुकानात पोचलो.

ही काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा, एवढं करते."

बाकावर बसलो. एक काज झालं. दुसरं घेतलं. मी म्हटलं, गार होईल. हं, म्हणाली. तेवढ्यात एक बाई ब्लाउज घेऊन आली, तिच्याशी पंधरा मिनिटं. मग परत काज. सुई वर येते, दोरा ओढला जातो, गाठ बसते, परत सुई खाली. घाई अजिबात नाही. हिला इतकं सावकाश काही करताना मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

आधी बाराला ही स्वयंपाकाला घरी जायची आणि मी एकला जेवायला जायचो. एकला म्हणजे दोनला. कधी अडीचला. दारात शिरताना म्हणायचो, एक बाही राहिली होती.

दीड वाजला. पावणेदोन. पोटात आग, आणि डोळ्यांसमोर ते झाकलेलं पातेलं. काय बोलणार? कुठल्या तोंडानं बोलणार?

दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं दोरा तोडला, कोट झटकून घडी केला आणि म्हणाली, चला.

बटाटे गारढोण. भाताचा गोळा. तिनं पानात घेतलं तेवढं संपवलं आणि चांगलं झालंय म्हणाली.

उद्यापासून भात पाऊण तास उशिरा टाकायचा.